छत्रीच्या मधोमध

बारा वाजून चौदा मिनिटांनी पूल फुटला.

आधी त्याचे चौकोन झाले, मग चौकोनांचे बारीक चौकोन, मग पडदा काळा पडला आणि मधे पाटी आली: सिग्नल नाही. सासूबाईंचं बोट पडद्याकडे जाता जाता अर्ध्यावर थांबलं.

"काय गं, काय झालं?"

"येईल आई, थांबा जरा," सून म्हणाली. तिच्या हाताला शेंगांची धूळ होती. अंगणात झोडपणी अर्धी टाकून ती पूल बघायला आत आली होती. ती रोजच यायची.

टीव्हीवरचं ते चॅनल परमुलखातलं होतं. भाषा घरात कुणालाच कळत नव्हती. पण दुपारी, दोन बातम्यांच्या मधे, ते लोक चार मिनिटं त्यांचं शहर दाखवायचे. बंदर, घड्याळाचा मनोरा, आणि शेवटी समुद्रावर बांधायला घेतलेला पूल. दोन्ही काठांवरून दोन हात पुढे आलेले आणि मधे फट. वर मुंग्यांसारखी माणसं, डोक्यावर पिवळ्या टोप्या. त्या मुंग्यांमधली एक मुंगी या घरची होती. अडीच वर्षांपूर्वी जाताना मुलगा म्हणाला होता, "पूल जुळला की मी निघालो म्हणून समजा."

तेव्हापासून सासूबाई बोटांनी फट मोजत होत्या. आधी पंजाभर होती. मग चार बोटं, मग दोन. आता करंगळीएवढी राहिली होती. आणि त्यांनी नेम धरला होता, की पूल डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्या दिवशी अन्नाचा घास तोंडात घालायचा नाही.

बारा एकोणीसला चित्र परत आलं. पडद्यावर बातम्या सांगणारी बाई होती.

"झालं," सासरे म्हणाले. "दिसला की तुला. बस आता जेवायला."

"अर्धा दिसला."

"अर्धा तर अर्धा."

"अर्ध्या पुलावरून पोरगा कसा येईल माझा?" सासूबाई म्हणाल्या आणि ताट झाकून ठेवलं. वर एवढंच बोलल्या, "देवाशी बोललेय मी. तुमच्याशी नाही."

दुसऱ्या दिवशी सून सकाळीच कामाला लागली. नवऱ्यानं शिकवलेली रीत तिला पाठ होती. तो टीव्हीच्या छत्र्या बसवणारा माणूस. पंचक्रोशीत त्याला छत्रीवाला म्हणूनच ओळखत. लग्नानंतरची दीड वर्षं तो गच्च्यांवर आणि ती खालच्या खोल्यांत, असंच गेलं. वरून तो ओरडायचा, "आलं का?" खालून ती, "नाही! आलं! गेलं!" लोक हसायचे. एकदा कुणाच्या तरी घरी ती "आलं!" म्हणाली आणि तो वरून म्हणाला, "आता हलू नकोस." ती टीव्हीपुढे पुतळ्यासारखी उभी राहिली. हलायचं नव्हतं ते छत्रीला, हे तिला नंतर कळलं. त्यावरून तो किती दिवस हसत होता.

आधी सोपं बघायचं, मग अवघड, असं तो सांगायचा. तिनं रिसीव्हरच्या पाठीमागची वायर काढली. टोकाच्या पितळी टोपीतून तांब्याची एकच तार डोकावते, ती हिरवी पडली होती. तिनं ती पात्यानं खरवडून लखलखीत केली. वायर भिंतीवरून अंगणापर्यंत बोटांनी चाचपत नेली, कुठं उंदरानं कुरतडलीय का बघितलं. मग अंगणातल्या छत्रीपाशी स्टूल ठेवून वर चढली.

छत्री जुनी, जाळीची, माणूस आडवा मावेल एवढी. तीन दांड्यांवर समोर धरलेला जो डबा, त्याला सगळे डोळा म्हणत. आकाशातून जे येतं ते छत्री गोळा करते आणि डोळ्यात टाकते. डोळ्याच्या तोंडाशी कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. ते तिनं काडीनं हळूच सोडवून बाजूला ठेवलं.

"सापडलं का?" सासऱ्यांनी खालून विचारलं.

"सापडलं वाटतं."

दुपारी तिघं पडद्यासमोर बसली. बारा बाराला चित्र गेलं ते बारा एकवीसला आलं. त्या दिवशी पुलाचा एक दगडही दिसला नाही. सासूबाईंनी ताटावरचं झाकण नुसतं नीट केलं.

संध्याकाळी त्यांनी कपभर दूध घेतलं. तेवढ्यावर निजल्या.

तिसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा सासऱ्यांना राहवलं नाही. चित्र जाताच ते पाना घेऊन उठले.

"वाऱ्यानं हलली असणार. बोटभर सरकवतो."

"बाबा, नको. त्यांनी सांगितलंय, हात लावायचा नाही."

"त्यानं सांगितलं तेव्हा त्याची आई जेवत होती."

सासऱ्यांनी खांबावरचे तीन बोल्ट सैल केले. छत्री डावीकडे लोटली, मग उजवीकडे. मागची आटे पाडलेली लांब सळई फिरवून तोंड वर केलं, खाली केलं. पाना निसटला आणि अंगठ्याचं कातडं सोलून निघालं. बारा पंचवीस झाले, साडेबारा झाले. काल आपोआप परत आलेलं चित्र आज आलंच नाही.

"खूण कुठाय?" सून म्हणाली. "बाबा, त्यांनी खांबावर लाल रेघ मारली होती. वर एक, खाली एक. त्या जुळवल्या की झालं."

सासरे खांबाकडे बघत राहिले. खांब चकाकत होता. गंज चढू नये म्हणून गेल्याच महिन्यात त्यांनी सगळी छत्री स्वतः घासून रुपेरी रंगवली होती. दोन हात दिले होते. पोराची वस्तू, म्हणून कुठं एक भेग राहू दिली नव्हती.

अंगठा धोतराच्या सोग्यात धरून शेंगांच्या ढिगापाशी जाऊन बसले आणि ज्या शेंगा झोडपून झाल्या होत्या त्याच पुन्हा झोडपू लागले.

चौथ्या दिवशी बाजारातला मेकॅनिक आला. डोळ्यांवर काळा चष्मा, पायात पांढरे बूट. अंगणात पसरलेल्या शेंगांवरूनच चालत आला.

"छत्रीवाल्याचंच घर ना हे?" तो म्हणाला. "म्हणजे वैद्याच्या घरी खोकला."

सुनेनं मान खाली घातली. पायाखालच्या शेंगा ती हातानं बाजूला करत राहिली.

त्यानं तासभर छत्री इकडून तिकडे फिरवली. फिरवताना फोनवर बोलत होता. मग पाना जमिनीवर टाकला.

"हे जनावर म्हातारं झालंय, आजोबा. आकाश केवढं, आणि तो उपग्रह सुईच्या टोकाएवढा. आमच्याकडे छोटी छत्री आहे, ताटाएवढी. उद्या बसवून देतो. दोनशे चॅनल."

"त्यात पूल दिसतो का?" दारातून सासूबाईंनी विचारलं.

"कसला पूल, आजी?"

सुनेनं चॅनलचं नाव सांगितलं. तो हसला. "असलं कोण बघतं? ते नाही यायचं त्यात. पण मालिका बघा की. रडून रडून दिवस जाईल."

"रडायला मला मालिका कशाला लागते," सासूबाई म्हणाल्या आणि दाराला धरून धरून आत गेल्या. उंबऱ्यापाशी त्यांचा तोल गेला. सून धावली. तिनं धरलेला दंड चार दिवसांपूर्वीपेक्षा बारीक लागला.

"हिच्याखाली आता कोंबड्या झाका," जाता जाता मेकॅनिक म्हणाला.

मुलाचा फोन दर रविवारी यायचा, दुपारी दोनच्या सुमाराला. सासरे तो मोठ्या आवाजावर ठेवून तिघांच्या मधे धरायचे. त्यामुळे नवरा-बायकोला एकमेकांशी बोलायचं ते सगळं कुटुंबाच्या साक्षीनं. जेवलात का, पाऊस आहे का, तब्येत कशी. एवढ्यातच दहा मिनिटं सरायची.

या रविवारी सासूबाई पहिल्यांदाच बोलल्या नाहीत. भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. सासऱ्यांनी फोन सुनेच्या हातात दिला. "तूच सांग. मला सांगवणार नाही."

तिनं सांगितलं. पलीकडे वारा घोंघावत होता. तो मधेमधे "हं, हं" करत होता.

"चित्र गेलं तेव्हा दोन पट्ट्या बघितल्यास का? मेनूतल्या? ताकदीची आणि चित्राची?"

"बघितल्या."

"पहिली किती होती?"

"रोज साठ असते. त्या वेळी ऐंशीवर गेली."

"आणि दुसरी?"

"शून्य."

तो हसला. अडीच वर्षांत ते हसू तिनं फोनवर ऐकलं नव्हतं. "अगं, मग बिघाड नाहीच तो! ताकद भरपूर आणि चित्र काहीच नाही, म्हणजे सूर्य. सूर्य आला मागे."

"कुठं मागे?"

"उपग्रह वर एका जागी उभा असतो. वर्षातून दोनदा, पाच-सहा दिवस, सूर्य बरोबर त्याच्या पाठीमागून जातो. छत्री त्याच्याकडे बघायला जाते आणि सूर्याकडेच बघते. दिपून जाते." मग त्याचा आवाज थोडा खाली आला. "कुणी उन्हात उभं असतं आणि ऊन त्याच्या पाठीशी असतं, तेव्हा कसं होतं? माणूस तिथंच असतो. तोंड तेवढं दिसत नाही."

सासरे दुसरीकडे बघत होते.

"मी असताना लक्षात आलं नाही तुमच्या. दुपारी टीव्ही लावतच नव्हतो आपण. काही करायचं नव्हतं गं. पाच-सहा दिवसांनी आपोआप सरलं असतं."

"आता छत्री हलली," ती म्हणाली. "खुणाही गेल्या." कुणी घालवल्या ते तिनं सांगितलं नाही.

"मग आता सूर्यालाच कामाला लावू. चित्र नेमकं किती वाजता जायचं आणि किती वाजता यायचं? अंदाज नको. मिनिट पाहिजे."

सून आठवू लागली. भिंतीशी डोळे मिटून बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "बुधवारी बारा चौदाला गेलं, बारा एकोणीसला आलं. गुरुवारी बारा बाराला गेलं, बारा एकवीसला आलं."

"आई?"

"उपाशी माणसाला घड्याळ दिसतं रे," सासूबाई म्हणाल्या.

मग तो म्हणाला, "म्हणजे मध्य बारा सोळा आणि सतराच्या मधे. उद्या त्या वेळेला छत्रीत डोळ्याची सावली बघा. छत्री फिरवत जा. सावली बरोबर मधोमध, बुंध्यावर आली की बोल्ट आवळा. सूर्य त्या वेळी उपग्रहाच्या जवळच असणार. दोन-तीन दिवस पुढे सरकलाय, म्हणून नंतर सळई फिरवून तोंड एक केसभर वर घ्या. उद्याच करा. परवा जास्त लांब जाईल."

"बरं."

"आणि जुळलं की लगेच लाल खूण कर. पक्का रंग घे. सहा महिन्यांनी सूर्य पुन्हा येईल, तेव्हा तुम्ही घाबरू नका. आणि हललीच तर रेघा जुळवायच्या, की झालं."

"बरं."

"आईनं पाच दिवस पूल बघितला नाही म्हणजे," तो म्हणाला. मग लाइन तुटली.

"कधी येतो म्हणाला?" सासूबाईंनी विचारलं.

सून फोनकडे बघत राहिली. "विचारायचं राहिलं, आई."

सोमवारी सकाळपासून ढग होते. पाऊस देणारे नव्हेत, नुसते पिंजलेले, पांढरे. एरवी अशा दिवशी शेंगा झोडपायला बरं पडतं. सासरे दर घटकेला मान वर करत होते.

"ढग उठले तर ठीक, नाहीतर आजचा दिवस जाईल," ते म्हणाले.

"बाबा, बोल्ट सैल करून ठेवू."

बारा वाजता सासूबाई स्वतः भिंतीवरचं घड्याळ मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसल्या. ओठ सुकलेले, पण आवाज खणखणीत.

"बारा दहा!"

छत्रीत सावली अशी नव्हतीच. नुसतं राखाडी. सासरे पाठीमागून छत्रीचा काठ धरून उभे. त्यांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. सून समोर, हातात पाना.

"बारा तेरा!"

ढगाला एक भोक पडलं आणि अंगणात ऊन आलं. डोळ्याची सावली छत्रीच्या उजव्या काठाशी पडली होती, तिरकी, लांबट.

"बाबा, डावीकडे. माझ्या डावीकडे. अजून."

सावली जाळीवरून सरकू लागली. सासऱ्यांच्या दंडाची शीर फुगली. मग ऊन विझलं.

"थांबा. तसंच धरा."

"बारा पंधरा!"

कोंबडी शेंगांत टोचा मारत होती, तिला हाकलायलाही कुणाचा हात मोकळा नव्हता. छत्रीचा भार त्यांच्या छातीवर आला होता.

"बारा सोळा!" सासूबाई म्हणाल्या, आणि मग वर बघत हळूच, "ये रे बाबा." ते देवाला म्हणाल्या, सूर्याला की आणखी कुणाला, कळलं नाही.

ऊन आलं. सावली बुंध्यापासून चार बोटं खाली होती.

"खाली, बाबा! नाही, तोंड वर! वर!" तिनं मागं धावत जाऊन सळई फिरवली, पुढं येऊन बघितलं, पुन्हा मागं. तीन बोटं. दोन. सावली बुंध्यावर आली आणि जाळीच्या मधल्या लोखंडी चकतीवर अशी बसली, की चकतीला कुणी टोपी घातली असावी. ती आडवी झाली आणि एकेक बोल्ट आवळू लागली. तिसरा आवळता आवळता ऊन पुन्हा गेलं.

"बारा अठरा," सासूबाई म्हणाल्या आणि आत टीव्हीपाशी गेल्या.

सूर्य पुढे जायची तिघांनी वाट बघितली. मग सुनेनं सळईला केसभर फिरवलं.

"आई, दुसरी पट्टी?"

"काही नाही!"

आणखी एक केस.

"आलं का?" तिनं विचारलं. तिच्या तोंडून ते शब्द त्याच सुरात निघाले. तिचे हात सळईवर थांबले. आपण कधी तरी बाहेरून ते विचारू आणि आत दुसरं कुणी असेल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"आलं!" आतून सासूबाई ओरडल्या. "करंगळीएवढी पट्टी आली!"

"आता?"

"दोन बोटं! चार! अगं, ती बातम्यांची बाई आली! कानातलं बदललंय तिनं!"

सासरे मटकन खाली बसले, शेंगांवरच. तोंडावरून हात फिरवला. "पोरी," ते म्हणाले, "खूण करून टाक."

पुलाची वेळ त्या दिवशी टळून गेली होती. सासूबाईंनी नेम मोडला नाही. ताट झाकलं. पण संध्याकाळी दूध प्यायल्या आणि आणखी थोडं मागून घेतलं.

मंगळवारी बंदर आलं, घड्याळाचा मनोरा आला, आणि बारा चौदाला पूल आला. चित्र एकदाही फुटलं नाही.

सासूबाईंनी करंगळी पुढे केली. पडद्यावर जिथं रोज ठेवायच्या तिथं ठेवली. मग काढून घेतली. पुन्हा ठेवली.

फट नव्हती.

या काठापासून त्या काठापर्यंत एकसंध पूल. आणि त्यावरून एक पिवळी टोपी एकटीच चालत निघाली होती, सावकाश, मधे न थांबता, पलीकडे.

"जुळला," सासरे म्हणाले. "अगं, जुळला!"

"तोच आहे," सासूबाई म्हणाल्या. "चालच सांगते. उजवा पाय जरा ओढतो." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पुसायला त्या पडद्यावरून नजर काढत नव्हत्या. "म्हणून तो काही बोलला नाही. म्हणाला असेल, आईला आपल्या डोळ्यांनी बघू दे. वाढ गं पोरी. मला वाढ. यांनाही वाढ."

सुनेनं वाढलं. सासूबाई जेवू लागल्या. घास लहान, पण सलग. सासरे त्यांच्याकडे बघत जेवायचे विसरले.

सून ओट्यापाशी उभी राहिली. तिच्या कानात रविवारचं एक वाक्य फिरत होतं. सहा महिन्यांनी सूर्य पुन्हा येईल, तेव्हा तुम्ही घाबरू नका. पूल त्या दिवशीच जुळलेला असणार. त्याला ते माहीत होतं. आणि तो म्हणाला होता, तुम्ही. आपण नाही.

दुपारी ती लाल रंगाची डबी आणि काडीला गुंडाळलेली चिंधी घेऊन छत्रीपाशी गेली. खांब पुसला. चिंधी रंगात बुडवली. एक थेंब मातीवर पडला. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग चिंधी डबीच्या काठावर निपटली आणि डबीचं झाकण दाबून लावलं.

"केलीस का खूण?" सासऱ्यांनी ओसरीवरून विचारलं.

"करीन."

"रंग वाळून जाईल हं."

"वाळू दे," ती म्हणाली आणि शेंगांकडे वळली.

रविवारी दोन वाजता फोन आला. सासूबाई आधी बोलल्या, रडल्या, हसल्या. त्याच्या चालीवरून त्याला ओळखलं म्हणून सांगितलं. तो "हो, मीच होतो" म्हणाला. मग कधी येतोस, असं त्यांनी विचारलं. इथून वर दोन दिवसांच्या वाटेवर आणखी एक पूल निघालाय, असं तो म्हणाला. लहानच आहे. वर्ष, फार तर दीड. साहेबांनी मुद्दाम थांबवून घेतलंय.

"तो टीव्हीवर दिसतो का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई. तो आडगावात आहे."

सासूबाईंनी फोन सुनेच्या हातात दिला आणि पदर सारखा करत बसल्या.

"छत्री छान बसवलीत म्हणे," तो म्हणाला.

"हो."

"खूण केलीस ना?"

"नाही."

"अगं, का? सांगितलं होतं ना मी. पुन्हा हलली तर काय कराल?"

सासरे समोर बसले होते. सासूबाई समोर बसल्या होत्या. लग्नापासून तिनं त्यांच्यासमोर नवऱ्याला कधी उलट शब्द दिला नव्हता.

"पुन्हा हलली," ती म्हणाली, "तर तुम्ही यायचं."

पलीकडून उत्तर आलं नाही. वाराही नव्हता या वेळी. सासरे फोनकडे वाकले, तुटला का बघायला. आकडे पुढे जात होते. तुटला नव्हता.

"आवाज येतोय का?" तिनं विचारलं.

"येतोय," तो म्हणाला, खूप वेळानं, अगदी हळू.

"मग आता हलू नका," ती म्हणाली, आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून उभी राहिली.